गाडी खाली घ्यायची, तर चाक कुठलं आणि खर्च किती?

चाकणच्या कारखान्यातून निघणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी २०५/५५ आर१६ मापाच्या टायरवर ग्राहकाच्या हाती येते. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद, देखणा लांबट बांधा. पण टायर आणि फेंडर यांच्यामध्ये हाताची मूठ जाईल एवढी फट. रिकाम्या गाडीची जमिनीपासूनची उंची १७९ मिमी. आपले रस्ते पाहून कंपनीने ती मुद्दाम तेवढी ठेवली आहे, आणि ज्याला गाडी चालवण्याचा मनापासून नाद आहे त्याला नेमकी तीच सलते. मग गाडी खाली घ्यायचा विचार सुरू होतो, त्याच्या मागोमाग मोठी अलॉय चाकं येतात आणि दुकानात पहिला प्रश्न कानावर पडतो: ‘सतरा टाकू की अठरा?’

हा प्रश्न उलट्या टोकाने सुरू होतो. रिमचा व्यास ही निवडीतली शेवटची गोष्ट असावी. आधी गाडी किती खाली जाणार ते ठरवायचं, त्यावरून टायरचा एकूण व्यास आणि रुंदी, मग रिमची रुंदी आणि ऑफसेट. एवढं झालं की रिमचं माप आपोआप समोर येतं. पैशाचा क्रमही असाच लावावा. सगळ्यात आधी टायर, मग स्प्रिंग किंवा शॉकअप, आणि हात आखडता घ्यायचाच असेल तर तो रिममध्ये घ्यावा. रस्त्याला टेकतो तो टायर, रिम नव्हे.

पुढचा हिशेब व्हर्टस जीटीवर मांडला आहे. स्कोडाची स्लाविया, फोक्सवॅगनची टायगुन आणि स्कोडाची कुशाक याच घराण्यातल्या, त्यामुळे बोल्ट आणि हबच्या गोष्टी त्यांनाही लागू होतात. गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील. किमती पुण्या-मुंबईच्या बाजारातल्या अंदाजाच्या आहेत. दुकान, ब्रँड आणि हंगाम यांनुसार दहा-पंधरा टक्के खाली-वर होतात.

किती खाली?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेतला गोलाकार गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. एवढ्या रुंदीमुळे गाडी त्याच्यावर सावकाश चढते आणि उतरते, पोट टेकत नाही. सोसायटीच्या फाटकाशी किंवा गावाच्या वेशीवर रातोरात उभे राहिलेले गतिरोधक मात्र तेवढेच किंवा जास्त उंच आणि जेमतेम फूट-दीड फूट रुंद असतात. पुढची चाकं पलीकडे उतरलेली, मागची अजून अलीकडे, आणि मधे गाडीचं पोट. आपल्याकडे गाडी किती खाली घ्यायची हे या दुसऱ्या प्रकारच्या गतिरोधकावरून ठरवायला हवं.

तीस मिमीने गाडी खाली घेतली की १७९ चे १४९ होतात, आणि हे रिकाम्या गाडीचं. चार माणसं आणि सुट्टीचं सामान भरलं की उंची आणखी बरीच उतरते. म्हणून रोजच्या वापरातल्या एकुलत्या एका गाडीसाठी २५ ते ३० मिमी हीच मर्यादा समजावी. चाळीसच्या पुढे जायचं तर घरात दुसरी गाडी हवी.

खाली घेण्याचे मार्ग दोन. एक, फक्त आखूड स्प्रिंगा: चार स्प्रिंगांच्या संचाला साधारण १८ ते ३० हजार आणि बसवण्याची मजुरी ४ ते ६ हजार. दोन, उंची बदलता येणारे कॉइलओव्हर: ८० हजारांपासून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत. स्प्रिंगांचा मार्ग स्वस्त आहे, पण गाडी जितकी खाली जाते तितकीच शॉकअपची दबण्याची जागा कमी होते. तीस मिमी खाली म्हणजे खड्ड्यात चाक वर यायला तीस मिमी कमी. गाडी चाळीस-पन्नास हजार किलोमीटर चाललेली असेल, तर थकलेल्या शॉकअपवर नव्या कडक स्प्रिंगा चढवू नयेत. मजुरी दोनदा भरावी लागते, कारण सहा-आठ महिन्यांत शॉकअपसाठी तेच सगळं पुन्हा उघडतं. बंपस्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांडीवरचं रबर, आखूड करायचं की बदलायचं हे स्प्रिंग बनवणाऱ्याच्या पत्रकात लिहिलेलं असतं. ते पत्रक मेकॅनिकच्या हातात द्यावं. अनेक गॅरेजांत ते खोक्याबरोबर कचऱ्यात जातं.

टायरचा व्यास

२०५/५५ आर१६ यातला २०५ हा टायरच्या रुंदीचा मिमीमधला आकडा, ५५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि १६ हा रिमचा इंचातला व्यास. कडेची उंची झाली ११२.७५ मिमी. ती दुप्पट करून त्यात सोळा इंचांचे ४०६.४ मिमी मिळवले की एकूण व्यास ६३१.९ मिमी. नवं कुठलंही माप घ्या, ते या आकड्याच्या दीड टक्क्याच्या आत बसायला हवं. व्यास वाढला की स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो, गिअरचं प्रमाण लांबतं, आणि खाली घेतलेल्या गाडीत तोच वाढीव व्यास फेंडरच्या आतल्या अस्तराला जाऊन घासतो. व्यासाच्या फरकाचा निम्मा भाग तेवढा गाडीच्या उंचीत दिसतो, म्हणून मोठ्या टायरने गेलेली उंची परत मिळेल ही आशा धरू नये.

आता पर्याय तपासू. २१५/५० आर१७ चा व्यास ६४६.८ मिमी, म्हणजे २.४ टक्के जास्त. दुकानात हा टायर सहज मिळतो आणि ‘बसतो साहेब’ असं ऐकायलाही मिळतं. न उतरवलेल्या गाडीत तो बसेलही, पण तीस मिमी खाली गेलेल्या गाडीत नको. २०५/५० आर१७ चा व्यास ६३६.८, फरक ०.८ टक्के, गणित उत्तम, पण बाजारात निवडीला वाव फार कमी. २१५/४५ आर१७ हा ६२५.३ मिमी, एक टक्का कमी. २२५/४५ आर१७ हा ६३४.३ मिमी, जेमतेम ०.४ टक्के जास्त. अठरा इंचांत २२५/४० आर१८ हा ६३७.२ मिमी.

कागदावर शेवटचे तिन्ही पास होतात. निकाल लागतो तो कडेच्या उंचीवर आणि वजन पेलण्याच्या क्षमतेवर.

कडेची उंची

कंपनीच्या टायरची कड ११३ मिमीच्या आसपास. २२५/४५ आर१७ ची १०१, २१५/४५ आर१७ ची ९७, आणि २२५/४० आर१८ ची ९०. खड्ड्याच्या धारेवर चाक आपटतं तेव्हा दणका सोसायला पहिली असते ही कड, दुसरी स्प्रिंग. गाडी खाली घेताना स्प्रिंगची जागा आपण आधीच कमी केलेली असते. त्यात कडही कमी केली तर दणका थेट रिमवर जातो. मग दोनातलं एक होतं. रिमला बाक येतो, किंवा टायरच्या कडेतले धागे तुटून तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो त्याच दिवशी काढायचा. शक्य असल्यास समोरासमोरची जोडी एकदमच बदलावी, कारण नवा आणि अर्धा झिजलेला टायर एकाच आसावर ब्रेक लावताना सारखे वागत नाहीत.

इथे विम्याचंही कलम लक्षात ठेवावं. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. टायरबरोबर गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरचे पैसे मिळतात, तेही बदलीच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. टायरसाठी वेगळी जोडपॉलिसी मिळते, पण घेण्याआधी तिच्यात कंपनीबाहेरचं माप चालतं का ते वाचावं. नवी अलॉय चाकं घेतली की त्यांची किंमत विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत चढवून घ्यावी. चोरीनंतर बिल दाखवून उपयोग होत नाही.

कडेवर मापापुढे ९१व्ही असं काही छापलेलं असतं. त्यातला ९१ हा वजनाचा सूचकांक, म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलावं; व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. हे दोन्ही मूळ टायरपेक्षा खाली जाता कामा नयेत, आणि नेमकी इथेच फसगत होते. २१५/४५ आर१७ साध्या बांधणीत ८७ सूचकांकाचा असतो, म्हणजे ५४५ किलो. त्याच मापाचा एक्सएल छापाचा, जास्त मजबूत बांधणीचा टायर ९१ चा मिळतो. पण एक्सएल टायर आपलं पूर्ण वजन २.९ बार हवेवर पेलतो, तर साधा टायर २.५ बारवर. साध्या भाषेत, तेवढाच भार उचलायला त्यात सहाएक पीएसआय हवा जास्त भरावी लागते आणि गाडी आणखी कडक होते. २२५/४० आर१८ चीही हीच गोष्ट. त्याचा साधा प्रकार ८८ चा, म्हणजे ५६० किलो. एक्सएल घेतला तर ९२.

२२५/४५ आर१७ साध्या बांधणीतच ९१ चा आहे. व्यास मूळच्या जवळ, भार तेवढाच, हवाही तीच. शिवाय ऑक्टाव्हियासारख्या कित्येक गाड्यांच्या वापरातलं हे माप असल्यामुळे सिएट, अपोलोपासून मिशेलिन, योकोहामापर्यंत निवडीला जागा आहे. माप रुळलेलं असण्याला आपल्याकडे फार किंमत आहे. जून २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर सरकारने परवान्याचं बंधन घातलं. तेव्हापासून आडमापाचा एक टायर फुटला की त्याच बनावटीचा दुसरा मिळायला आठवडे लागू शकतात. व्हर्टसला सतरा इंच घालायचेच असतील तर माझं मत २२५/४५ ला आहे. अठरा इंच मात्र मी पुण्या-मुंबईत रोज चालणाऱ्या खाली घेतलेल्या गाडीला सुचवणार नाही. फोटोत ती शोभून दिसतात, आणि जुलैत त्यांचा खर्च सुरू होतो.

रुंद टायरची पावसातली बाजूही सांगायला हवी. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं, आणि साचलेल्या पाण्यावर तो थोड्या कमी वेगातच तरंगायला लागतो. २०५ वरून २२५ वर गेलात तर नक्षीची खोली जपा. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालतं. कोकणात किंवा घाटात पावसाळ्यात नियमित जाणाऱ्याने ३ मिमीला टायर उतरवावा.

ऑफसेट: आत किती, बाहेर किती

टायर घासण्याच्या निम्म्या तक्रारी व्यासाच्या नसतात, ऑफसेटच्या असतात. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम हबला टेकते ती जागा यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. रिमच्या मागच्या बाजूला ‘ईटी’ या अक्षरांपुढे तो मिमीमध्ये कोरलेला असतो. आकडा कमी तर चाक बाहेर सरकतं, जास्त तर आत जातं.

हिशेब सोपा आहे. टायरच्या रुंदीतल्या वाढीचा निम्मा भाग दोन्हीकडे वाटायचा, आणि ऑफसेट जितका कमी झाला तितके मिमी बाहेरच्या बाजूला मिळवायचे व आतल्या बाजूतून वजा करायचे. समजा मूळ रिम ईटी ४० ची आहे आणि २०५ च्या जागी २२५ चा टायर घालायचा आहे. रुंदी २० ने वाढली, म्हणजे दोन्हीकडे १०. नवी रिम ईटी ४० चीच असेल तर टायर १० मिमी आत आणि १० मिमी बाहेर जाईल. ईटी ३५ ची असेल तर १५ बाहेर, ५ आत. ईटी ४५ ची असेल तर ५ बाहेर, १५ आत. दुकानात जाण्याआधी स्वतःच्या रिममागचा आकडा वाचून हे गणित एकदा करून ठेवा.

मग गाडीपाशी बसून दोन अंतरं मोजा. पहिलं, पुढच्या चाकात टायरची आतली कड आणि शॉकअपचा नळकांडा यांच्यामधलं. मॅकफर्सन पद्धतीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये शॉकअप चाकाबरोबरच वर-खाली होतो आणि चाकाबरोबरच वळतो, त्यामुळे हे अंतर चालत्या गाडीतही जवळपास बदलत नाही. नवा टायर बसल्यावर तिथे ५ मिमी उरत असतील तर पुरे. दुसरं, टायरची बाहेरची कड आणि फेंडरची आत वळलेली धार यांच्यामधलं. हे अंतर मात्र खड्ड्यात, वळणावर, भरल्या गाडीत सतत बदलतं. उभ्या गाडीत दोन बोटांची जागा दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. मागच्या सीटवर तीन धडधाकट माणसं आणि डिकीत सामान घालून, स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे व एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून, एखाद्या उतरणीच्या तोंडाशी तिरकी गाडी नेऊन पाहणं हीच खरी परीक्षा. दुकानदाराने चारऐवजी आधी एकच चाक चढवून ही परीक्षा करू दिली, तर तो दुकानदार चांगला.

आतली आणि बाहेरची जागा बेताने वाटली, तर व्हर्टसला ७ किंवा ७.५ इंच रुंद रिम पुरते. २२५/४५ ला चालणारी रिम ७ ते ८.५ इंच, साडेसात ही मधली, योग्य जागा. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची एक टूम आहे. टायरची कड आत झुकते, फेंडरला लागत नाही, म्हणून ती करतात. पण त्यात खड्ड्यातला मार रिमच्या उघड्या ओठावर बसतो, आणि हवा कमी झाली तर टायर रिमवरून सुटू शकतो. या वाटेला जाऊ नये.

घासतं म्हणून फेंडरची धार आत दुमडून घ्यायची वेळ आलीच, तर रोलरचं अवजार आणि रंग तापवायची हीटगन असलेल्या डेंटरकडेच जावं. थंड पत्र्यावर दांडका फिरवला की रंगाला तडे जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथून गंज धरतो. एका फेंडरला दीड ते तीन हजार पडतात. दोन-तीन ठिकाणी दुमडावं लागत असेल तर रिमची निवडच चुकली आहे असं समजावं.

बोल्ट

जिवाशी गाठ असलेली बाब ही, आणि बिलात ती सगळ्यात स्वस्त असते.

व्हर्टसला पाच बोल्ट, १०० मिमीच्या वर्तुळावर. दुकानाच्या भाषेत पीसीडी ५ x १००. हबचा मधला उंचवटा ५७.१ मिमी. बाजारातल्या रिमांचं मधलं भोक बहुधा मोठं असतं, म्हणजे ती अनेक गाड्यांना चालतात. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती ५७.१ चीच हवी. रिंगशिवाय बसवलेलं चाक नीट मध्यावर न बसल्यास ताशी ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, आणि मालक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून थकतो. ५ x ११२ ची रिम ‘थोडं भोक वाढवून’ किंवा डगमगते बोल्ट वापरून बसवून देणारे भेटतात. नको म्हणावं.

फोक्सवॅगन घराण्याच्या मूळ बोल्टाचं डोकं खालून गोलाकार असतं आणि मूळ रिममधला खळगाही गोलाकार. बाहेरच्या बहुतेक अलॉय रिमांचा खळगा शंकूच्या आकाराचा असतो. जुने गोल बोल्ट शंकूच्या खळग्यात आवळले तर ते पूर्ण टेकत नाहीत, नुसत्या एका रेषेवर दाब देतात. आवळताना घट्ट वाटतात आणि चालता चालता सैल होतात. नव्या रिमांबरोबर शंकूच्या डोक्याचे, १४ मिमी जाडीचे, १.५ पिचचे बोल्ट घ्या. लांबी तपासायची सोपी रीत अशी: जुनं चाक बसवताना बोल्ट हाताने किती वेढे आत जातो ते मोजा, नव्या चाकात तितकेच वेढे मिळायला हवेत. कमी नकोत. फार जास्तही नकोत, कारण मागे ड्रम ब्रेक असेल तर लांब बोल्टाचं टोक आतल्या भागांना लागू शकतं. वीस बोल्ट आणि चार हब रिंगा मिळून ३ ते ६ हजारांत येतात. आवळायचे ते टॉर्क रेंचने, १२० न्यूटन-मीटरला. हवेच्या बंदुकीने सपाटून नव्हे. आणि जुन्यातले पाच बोल्ट डिकीत ठेवून द्या. स्टेपनीची पत्र्याची रिम गोल खळग्याची असते; रस्त्यात पंक्चर झालं तर तिला तेच लागतात.

तीन बिलं

पहिला मार्ग: मूळ रिम, मूळ माप, उत्तम टायर आणि २५-३० मिमीच्या स्प्रिंगा. २०५/५५ आर१६ मध्ये चांगला पकडीचा टायर ९ ते ११ हजारांना, चार मिळून ३६ ते ४४ हजार. स्प्रिंगा आणि मजुरी २२ ते ३६ हजार. अलाइनमेंट हजार-दीड हजार. एकूण साठ ते ब्याऐंशी हजार. फट मिटते, गाडी वळणावर घट्ट बसते, कड ११३ मिमीची तशीच राहते. माझ्या मते शंभरातल्या सत्तर मालकांनी इथेच थांबावं.

दुसरा मार्ग: १७ इंची, साडेसात रुंद देशी बनावटीच्या अलॉय रिमा, ४० ते ६० हजार. २२५/४५ आर१७ चे टायर १० ते १५ हजारांचा एक, म्हणजे ४० ते ६० हजार. स्प्रिंगा-मजुरी, बोल्ट-रिंगा, अलाइनमेंट धरून एकूण एक लाख सहा हजारांपासून एक लाख चौसष्ट हजारांपर्यंत. इथे वजनाकडे पाहा. सतरा इंची साधी ओतीव रिम दहा-अकरा किलोची असते. ओतल्यावर कडा दाबून पातळ केलेली, फ्लो-फॉर्म्ड म्हणतात ती, आठ-नऊ किलोची. मूळपेक्षा जड चाक घातलं तर गाडी उचल घ्यायला आळसावते आणि खड्ड्यात जास्त आदळते. दुकानातल्या काट्यावर दोन्ही रिमा ठेवून पाहायला सांगा. दुकानदार कुरकुरला तरी सांगा.

तिसरा मार्ग: १८ इंची फ्लो-फॉर्म्ड रिमा एक लाख ते एक लाख ऐंशी हजार, टायर ५६ ते ८० हजार, कॉइलओव्हर ८० हजार ते एक लाख ऐंशी हजार, आणि बसवणी, वरचे माउंट, फेंडर मिळून १५ ते ३० हजार. बेरीज अडीच लाखांपासून पावणेपाच लाखांपर्यंत जाते.

जुनं दरपत्रक कोणी पुढे केलं तर तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायर आणि गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेव्हा कर धरून दहा हजारांना मिळणारा टायर, मूळ किंमत तीच असेल तर, सव्वानऊ हजारांच्या आसपास यायला हवा. बिल पक्कंच घ्यावं, त्यावर टायरचं पूर्ण माप, सूचकांक आणि रिमचा ऑफसेट लिहून घ्यावा. घासलं तर परत करताना हाच कागद बोलतो.

वापरलेल्या रिमा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ओळखीतून निम्म्या दरात मिळतात. घेण्यात गैर काही नाही. फक्त टायर उतरवून आतली बाजू उजेडात पाहावी. वेल्डिंगची रेघ किंवा ताज्या रंगाचा एकच पट्टा दिसला तर सोडून द्यावी. बाक काढलेली रिम चालते, सांधलेली रिम नको. आणि मूळ रिमांचा संच विकू नये. गाडी विकताना तो बरेच वाद वाचवतो.

अलाइनमेंट: न दिसणारा खर्च

गाडी खाली आली की चाकांचे कोन बदलतात. व्हर्टसच्या पुढच्या चाकात टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाचं आत-बाहेर वळलेलं असणं, जुळवता येतो; कॅम्बरला, म्हणजे समोरून पाहिल्यावर चाकाच्या कलण्याला, मात्र फारसा वाव नाही. मागे सलग दांडा असल्याने तिथले कोन मूळ रचनेत जुळवता येत नाहीत. सुदैवाने पंचवीस-तीस मिमीत कॅम्बर फार बिघडत नाही. आतली कड खाणारा खरा दोषी बहुतेक वेळा टो असतो. पुढून पाहिलं तर टायर नवा दिसतो आणि आतल्या बाजूला तारा निघालेल्या असतात.

पैशात मांडू. अठ्ठेचाळीस हजारांचा टायरसंच चाळीस हजार किलोमीटर चालला तर किलोमीटरला एक रुपया वीस पैसे पडले. बिघडलेल्या टोने तोच पंधरा हजारांत संपला तर तीन रुपये वीस पैसे. हजार रुपयांची अलाइनमेंट दर पाच हजार किलोमीटरला केली तरी ती स्वस्तच. आधीचे-नंतरचे आकडे छापलेला कागद मागून घ्यावा, आणि दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकावर पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीची उंची बदलणं आणि फेंडरबाहेर डोकावणारी चाकं या गोष्टी रस्त्यावरच्या पोलिसाच्या सहज नजरेत भरतात. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअरही टायरचं माप पाहतो. म्हणून बदल करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारावं. उत्तर नकारार्थी आलं तर मूळ मापाचा उत्तम टायर, मूळ स्प्रिंगा आणि चांगले शॉकअप यांतूनही गाडी पुष्कळ सुधारते, आणि तो खर्च कायद्याच्या चौकटीत बसतो.

दुकानातून निघण्याआधी

टायरवर आयएसआयचं चिन्ह आहे ना ते पाहा. प्रवासी गाडीच्या टायरला ते बंधनकारक आहे. कडेवरचे शेवटचे चार आकडे निर्मितीचे: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना टायर असेल तर किंमत कमी करून मागा. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर दुसरा आणायला लावा. नक्षी एकाच दिशेने फिरणारी असेल तर बाण पुढच्या दिशेला आहे का ते चारही चाकांवर बघा. चाकं बसल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. नव्या स्प्रिंगा आणखी थोड्या बसतात, म्हणून एक अलाइनमेंट बसवणीच्या दिवशी आणि दुसरी साधारण हजार किलोमीटरनंतर करा. दुसरीचे पैसे पहिल्याच बिलात धरून घ्यायला दुकानदाराला सांगितलं तर बहुतेक जण मानतात. त्या हजार किलोमीटरांत फेंडरच्या अस्तरावर घासल्याची काळी चकाकी कुठे दिसते का, हेही दर आठवड्याला बॅटरी घेऊन पाहा. दिसली तर त्याच दुकानात परत जा आणि बिलावर लिहिलेला ऑफसेट त्यांच्यासमोर ठेवा.